क्लिफर्डचा डावा हात

माझा धाकटा भाऊ क्लिफर्ड आता आमच्या बर्नली गावात पावाची गाडी चालवतो. सदुसष्ट साली तो टीव्हीवर दिसला, तेव्हा आमची अख्खी गल्ली आमच्या घरात कोंबली होती. ‘पेनी लॅम्प्स’ हा चार पोरांचा बँड, त्यांचं गाणं देशभर गाजलेलं, आणि हा पठ्ठ्या मागे तोंड पाडून ड्रम वाजवतोय.

कारण मला ठाऊक होतं. लंडनच्या कंपन्यांत तेव्हा सर्रास चालायचं. रेकॉर्डवर ड्रम वाजवायला भाड्याचा माणूस, आणि बँडमधल्या पोराने टीव्हीवर नुसता देखावा करायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी क्लिफर्डला चहा देऊन कोपऱ्यात बसवलं होतं. मेल्यांना लाजही वाटली नाही!

पण बाबांना कोण सांगणार? गिरणीच्या बँडमध्ये ते जन्मभर ड्रम वाजवत आले. क्लिफर्डचा हात त्यांनीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला. आता ते रोज ती रेकॉर्ड लावून गप्प ऐकत. क्लिफर्ड घरी आलेला असला की उठून अंगणात जाई.

“सांगून टाक ना एकदाचं,” मी म्हणायचे.

“तूच सांग, डोरीन. आहे हिंमत?”

नव्हती.

पुढच्या रेकॉर्डला पुन्हा भाड्याचा माणूस आला. क्लिफर्ड अडून बसला, “मी वाजवणार, नाहीतर चाललो.” गायक रॉडनी म्हणाला, “मग चालू लाग.” गिटारवाली दोघं पोरं क्लिफर्डच्या बाजूने उठली. रॉडनी लंडनलाच राहिला. संपला बँड.

एक कबूल केलेला कार्यक्रम तेवढा उरला होता, आमच्याच कामगार क्लबात. क्लबवाल्यांनी बजावलं, आधी बिंगो, मग तुम्ही. गाणं गाजल्यापासून ही पोरं गावात वाजवायला आलीच नव्हती. गायक नाही म्हटल्यावर लोकच गायले. बाबा पहिल्या रांगेत, डोळे मिटून.

कार्यक्रम संपल्यावर ते क्लिफर्डजवळ गेले.

“रेकॉर्डवर तू नव्हतास.”

क्लिफर्ड ड्रम आवरता आवरता थांबला. “कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी. तुझा डावा हात तालाच्या जरा मागे राहतो. लहानपणी किती ओरडलोय मी त्यावर! रोज तोच शोधत बसायचो त्या रेकॉर्डमध्ये.”

क्लिफर्ड रडायलाच लागला, एवढा घोडा झालेला. मग नाक पुसत म्हणाला, “आज राहिला का मागे?”

“राहिला तर! मस्त राहिला.”