बॅनरवरची गर्दी

“आशाताई स्टेजवर बसतील. तुम्ही मशीन चालू कराल. त्या दचकतील, रडतील. कॅमेरा त्यांच्या तोंडावर,” शमुवेल सर मला समजावत होते. अंबरनाथच्या चर्चच्या हॉलमध्ये श्रवणयंत्रांचं शिबिर होतं आणि सर कमिटीचे सेक्रेटरी. मी ऑडिओलॉजिस्ट. कान तपासून यंत्र बसवणं हे माझं काम. रडवणं त्यात येत नाही.

“नाही रडल्या तर?”

“रडतात हो. पाहुण्यांनी यंत्रं दिलीत. त्यांना काहीतरी दिसायला नको?”

आशाताई खरवईच्या. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर होत्या. कॅमेरा दिसताच त्यांनी माझी बाही ओढली आणि कुजबुजल्या. म्हणजे, त्यांना तसं वाटलं. कमी ऐकू येणाऱ्याला स्वतःचा आवाज किती चढलाय तेही कळत नाही.

“व्हिडिओ नको! मला ऐकू येत नाय, शेठला ठाव नाय! कळलं तर घरी बसवंल!”

पुढच्या रांगांत सगळे माझेच पेशंट होते, म्हणून निभावलं. कारखान्यात मशीनच्या घरघरीत सगळेच खुणांनी बोलतात. तिथे त्यांचं इतकी वर्षं खपून गेलं होतं.

“नायतर मशीन बी नको,” म्हणत त्या उठल्या. मी हाताने कसंबसं थांबवलं.

माझी स्वतःची भीती वेगळीच. अशा कानाला बारीक आवाज येत नाही, पण मोठा आवाज टोचतो. आम्ही त्याला रिक्रूटमेंट म्हणतो. नोकरभरतीशी संबंध नाही. पहिलं ट्यूनिंग शांत खोलीत करायचं असतं. इथे खुर्चीशेजारीच कपाटाएवढा स्पीकर.

“सर, मागच्या खोलीत करू या.”

“गाडी गेटवर आलीय! पाहुणे रागावून यंत्रं परत घेऊन गेले, तर बाकीच्यांना तुम्ही देणार?”

मी चर्चच्या धर्मगुरूंकडे वळलो. पाळकसाहेब कोपऱ्यात प्रवचनाची उजळणी करत होते. विषय येशूने बहिऱ्याला बरं केल्याचा. स्टेजमागच्या बॅनरवरही तेच चित्र, भोवती भरगच्च गर्दी.

“पाळकसाहेब, येशूने आधी काय केलं?”

“कानात बोटं घातली.”

“त्याच्याही आधी?”

त्यांनी चष्मा लावला, पुस्तकात पाहिलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“गर्दीतून बाजूला नेलं. एकट्याला.”

“बॅनरवर तर गर्दी आहे.”

“ती प्रिंटरने घातलीय,” ते म्हणाले. “आणि नंतर कुणाला सांगू नका असंही बजावलं होतं. दरवर्षी शिकवतो मी हे.” ते उठले. “शमुवेल, मागची खोली उघडा. कॅमेरा बाहेर.”

“आणि पाहुणे?”

“त्यांना भाषण करू द्या. हवं तेवढं.”

“आणि यंत्रं परत नेली तर?”

“तर मी बघतो.”

खोलीच्या दाराशी ते थांबले. आत येऊ का, असं त्यांनी आशाताईंना हाताने विचारलं. आशाताईंनी मान हलवली. नाही. पाळकसाहेबांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

मी यंत्र अगदी कमी आवाजावर चालू केलं.

“पंखा करकरतो का वो?” आशाताई म्हणाल्या. रडल्या नाहीत.

तेवढ्यात भिंतीपलीकडे पाहुण्यांचं भाषण सुरू झालं.

“कोण हाय हा?”

“यंत्रं देणारे.”

त्यांनी आणखी थोडं ऐकलं. “हे बंद कुठनं करायचं?”

मी बटन दाखवलं.

यंत्रं परत गेली नाहीत. व्हिडिओ निघाला तो भाषणाचा, आणि पाहुणे खूश होते. आशाताई अजून शिलाईवर आहेत, केसांआड यंत्र लावून. मी मात्र तेव्हापासून नव्या पेशंटला बंद करायचं बटन आधी दाखवतो. चालू करणं त्यानंतर.