शब्द देणारा माणूस

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सुमनला तर नाहीच — आणि सुमन माझी बायको आहे, म्हणजे बघा.

चाकूरजवळच्या आमच्या गावात दर जत्रेला नाटक व्हायचं. राजा-राण्यांचं. राणी मी असायचो. हसू नका — सहा वर्षं मी राणी होतो, आणि मी लुगडं नेसून आलो की पुढच्या रांगेतले म्हातारेसुद्धा सावरून बसायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग नांदेडला शिकलेले एक मास्तर शाळेत रुजू झाले. तेव्हा वारंच तसं होतं — कॉलेजची पोरं मोर्चे काढत होती, आडावर कुणी पाणी भरायचं यावरून गावोगाव भांडणं पेटत होती. मास्तर म्हणाले, राजे-राण्या पुरे, आता या आडावरच नाटक करायचं. आणि बाईचं काम बाईच करील. त्यांनी पोस्टमनच्या मुलीला, सुमनला उभं केलं. माझ्या हातात नाटकाची वही देऊन मला विंगेत बसवलं. प्रॉम्प्टर! नट अडला की आतून हळूच शब्द द्यायचा, एवढंच काम.

राग आला होता का? आला होता. पण तालमीला मी हसतमुख. तिला पदर कसा सावरायचा, तेही मीच दाखवलं.

जत्रेच्या दुपारी प्रयोग झाला. पहिल्या दोन अंकांत ती अशी बोलली, की माणसं खोकायचीही थांबली. माझ्या राणीची कुणाला आठवणसुद्धा नव्हती — विंगेतून सगळं दिसतं. तिसऱ्या अंकात आडाजवळ उभं राहून तिला मोठं भाषण होतं. तिथं ती अडली. ‘घागर माझी, दोरी माझी, मग पाणी तुमचं कसं?’ — एवढं ते वाक्य. पहिला शब्द मिळाला असता तरी पुरे होतं. पदर सावरायच्या निमित्तानं ती विंगेकडे सरकली, माझ्याकडे बघितलं. माझं बोट ‘घागर’वर होतं.

मी बोललो नाही.

उजेड कमी होता, पान उलटलं होतं — असलं काहीही झालं नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि गप्प होतो. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, “ए बाई, घरी जा, भाकरी थाप!” पडदा ओढला तेव्हा ती तिथंच उभी होती.

गावानं ठरवून टाकलं, बायांना पाठ राहत नाही. मास्तर बदली घेऊन गेले. पुढच्या जत्रेला लुगडं परत माझ्याकडे आलं — आणि मी ते नेसलो. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या स्टेजवर बाई आली नाही. इकडे नाटकात फजिती झालेली पोरगी म्हणून सुमनला स्थळं येईनात. मी मागणी घातली. अपराधी वाटून की ती आवडली म्हणून? मला खरंच सांगता येत नाही. गाव म्हणालं, मनाचा मोठा आहे. तीही अजून तेच म्हणते.

चाळीस वर्षं झाली. ती उखाणासुद्धा कागदावर लिहून नेते. “मला पाठ राहत न्हाई,” हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकत मी पेपर चाळतो. कितीदा तोंडापर्यंत आलं — पण सांगितलं तर तिला काय वाटेल, असं म्हणत गिळलं. तिला काय वाटेल? का माझं काय होईल?

आता आम्ही नांदेडला मुलाकडे असतो. कॉलनीतल्या बायकांनी नाटक बसवलंय. सगळी कामं बायकाच करतात, पाटलाचंही, मिशी लावून. सुमनला आजीचं काम दिलंय. महिनाभर ती नाहीच म्हणत होती. मग एक दिवस वही घेऊन माझ्यापुढं बसली.

“तुमी विंगंत बसताव का? मंग करते मी. त्या दिशीबी तुमीच हुताव; तुमी शब्द दिला असंल, मलाच ऐकू आला न्हाई, पर एका शब्दानं कधी टोचलं न्हाई मला. तुमी असलाव की लई धीर येतो.”

मी हो म्हणालो.

तालमी चालू आहेत. तिचं सगळं पाठ झालंय, कुठंही अडत नाही. तरी दर चार वाक्यांनी ती विंगेकडे बघते — आणि मी वहीवर बोट ठेवून बसलेला असतो.