जलपर्णीतली पाहुणेमंडळी

पळसदेवला धरणकाठच्या आमच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री माणसांशी कधी नीट बोलत नाही. सरपंचालासुद्धा तो "ए, पान्हा दे" म्हणतो. त्याची सगळी अदब जलपर्णीत राहणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असते.

परवा आमच्या मोटारीच्या जाळीत जलपर्णी अडकली आणि उसाचं पाणी बंद पडलं. दुपारी लाईट जाणार होती. मी म्हटलं, "मिस्त्री, तणनाशकच फवारून टाकू का?"

"फवार की. मासं मरू देत, मग त्येच पाणी पी."

त्यानं आकडीनं जलपर्णी ओढली, पाण्याला लागूनच काठावर पसरली आणि शेजारी बसून राहिला. मुळांतून झिंगे, गोगलगायी, बेडकं बाहेर पडायला लागली.

"सावकाश या. तिकडनं नगा, हितनं उतार हाय."

"मिस्त्री, लाईट जाईल!"

"तू गप. त्यास्नी आधीच तरास झालाय."

शेवटी मीच घाईनं एक गठ्ठा उचलला, तर आतल्या खेकड्यानं माझं बोट धरलं. मी बोंबललो, पण मिस्त्रीच्या देखत खेकडा झटकायची छाती होईना. वाकून हात पाण्यात धरला, तेव्हा कुठं खेकड्यानं बोट सोडलं. तेवढ्यात लाईट गेली.

मिस्त्री उठला आणि मऊ आवाजात म्हणाला, "लई लागलं का? तुमी बसा हितं सावलीला."

मी मागं वळून बघितलं. एखादा बेडूक राहिला असणार.