पाळंद्यांच्या खिडकीतल्या वाट्या

यज्ञेश्वर पाळंदे यांना मी दीड वर्ष रोज पाहिलं, पण ओळखत होतो असं म्हणवत नाही. त्यांना गोड आवडायचं की तिखट, त्यांचे वडील काय करायचे, हे मला आजही सांगता येणार नाही. जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं मी चोरून पाहिलेलं आहे. मला लिहिण्याची सवय नाही. झाशीच्या मराठी मंडळाने जुन्या माणसांबद्दल चार ओळी मागितल्या, आणि हेच एक नाव डोक्यातून हलेना.

सत्तावन्न साली मी तिथे रेल्वेच्या पाणी तपासायच्या खोलीत कारकून होतो. गाड्या कोळशावर चालत. आमच्या भागातलं पाणी खारं. ते बॉयलरमध्ये उकळून नळ्यांवर पांढरा थर बसे आणि नळ्या फुटत. एका सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेने त्यावर भुकटी शोधली होती. ती तीन स्टेशनांच्या टाक्यांत वर्षभर टाकून पाहायची आणि निष्कर्ष संस्थेच्या अहवालात छापायचे, असं ठरलं. पाळंदे त्या कामापुरते घेतलेले हंगामी साहाय्यक. प्रयोग नीट पार पडला तर संस्थेत कायम नोकरी, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं होतं. वय चाळिशीपुढे, घरात दोन मुली, आणि तोवर एकही नोकरी तीन वर्षांच्या वर टिकलेली नव्हती.

बबीना, चिरगाव आणि मऊरानीपूरच्या बाजूचं एक लहान स्टेशन (त्याचं नाव लिहीत नाही), अशा तीन ठिकाणांहून गार्डाच्या डब्यातून पाण्याच्या बाटल्या येत. पाळंदे त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब सोडून हलवत. फेस टिकला की थांबत. पाणी जितकं खारं तितके थेंब जास्त. प्रयोगाआधी शास्त्रज्ञांनी त्या लहान स्टेशनावर स्वतः जाऊन नमुना घेतला, तेव्हा सत्तेचाळीस थेंब लागले होते. भुकटी सुरू झाल्यावर अकरा लागू लागले. संस्थेचं अभिनंदनाचं पत्र आलं. पण शेडचा फोरमन म्हणू लागला, त्या बाजूच्या इंजिनांच्या नळ्यांवर थर होता तसाच आहे.

आमचे वरिष्ठ गोपाळराव यांनी मला बोलावलं.

"दातार, हा पाळंदे बाटल्यांत काहीतरी घोळ करतोय. कायम नोकरी हवीय ना त्याला. जरा नजर ठेवा."

"मला असलं जमत नाही हो."

"म्हणूनच सांगतोय. तुमच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही."

मी नजर ठेवली. आणि एकदा नजर ठेवायला लागलं की सगळंच वावगं दिसतं. पाळंदे दार लोटून घ्यायचे. बाटलीतला घोट तोंडात धरून डोळे मिटायचे, मग मोरीत थुंकायचे. संध्याकाळी उरलेल्या बाटल्या पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून, घरी न्यायचे. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'नमुने विनापरवानगी घरी नेतात', खाली सही केली आणि गोपाळरावांना दिली.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण एका संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग सीपरी बाजारातल्या खोलीपर्यंत गेलो. खिडकीत पितळी वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. मी कोपऱ्यावर उभा असताना त्यांच्या बायकोने, इंदिराबाईंनी, मला पाहिलं.

"अहो, तुमच्या ऑफिसातले आलेत! रस्त्यात का उभे भाऊजी? आत या. चहा देते, पण आमटी वाढायची झाली तर तळहातावर घ्यावी लागेल. वाट्या सगळ्या ह्यांच्या प्रयोगाला गेल्या."

पाळंदे जराही दचकले नाहीत. "बरं झालं आलात. कुणाला तरी दाखवायचंच होतं."

त्यांनी प्रत्येक स्टेशनचं पाणी वाटीत आटवलं होतं. बबीना आणि चिरगावच्या वाट्यांना पांढरं कडं होतं. त्या लहान स्टेशनच्या वाट्या जवळपास लख्ख.

"भुकटीने क्षार नाहीसे होत नाहीत, दातार. नळ्यांना चिकटत नाहीत, एवढंच. आटवल्यावर वाटीत असं कडं उरायलाच हवं. हे पाणी टाकीतलं नाही. चवीलाही गोड आहे. कुणीतरी बाटली बदलतंय."

"कोणाचा संशय येतो?"

"खरं सांगू? आधी तुमचाच आला होता. तुम्ही फार बघता माझ्याकडे."

मी चहा संपवला.

रविवारी आम्ही दोघं त्या स्टेशनवर गेलो. बाटली भरण्याचं काम परमलाल नावाच्या म्हाताऱ्या पाणीवाल्याकडे होतं. पाळंद्यांनी विचारलं, "भैया, हमारी बाटली कहाँ से भरते हो?"

तो आम्हाला स्टेशनपासून अर्धा कोस चालवत एका देवळामागच्या विहिरीवर घेऊन गेला. "इतै से, पंडतजी. राख से माँज के भरत हैं. टंकी को पानी तो ढोर तक नईं पियत. साब लोगन के लाने खारो पानी कैसें भेज दें?"

साहेब लोक झाशीत बसून ते पाणी पितात, अशीच त्याची समजूत होती. पाळंदे आधी हसले. मग विहिरीच्या कठड्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "कशाला कळवता? अहवाल छापून आला. शेवटच्या पानावर तुमचं नावही आहे."

"आहे ना. ते आकडे वाचून उद्या शंभर टाक्यांत ही भुकटी पडेल. नळ्या फुटतील तेव्हा शेवटच्या पानावर मीच असेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला सगळं लिहून कळवलं. संस्था सरळ वागली. अहवालात चिकटवायला दुरुस्तीची छापील पट्टी आली, त्या स्टेशनचे आकडे मागे घेतल्याची. चूक पाळंद्यांची नव्हती हेही त्यांनी मान्य केलं. फक्त कायम नेमणुकीआधी त्यांनी गोपाळरावांचं मत मागवलं.

गोपाळरावांनी दोन ओळींचं उत्तर दिलं आणि सोबत माझी चिठ्ठी जोडली. ते पाकीट मीच डाकेत टाकलं. आत काय आहे हे मला ठाऊक होतं.

नेमणूक झाली नाही. ती चिठ्ठी पाळंद्यांनी कधी पाहिली का, कुणी त्यांना सांगितलं का, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले आणि त्याचाच मला संशय यायचा. मनात राग असलेला माणूस इतकं साधं बोलेल का? की मुद्दाम तसं बोलत होते?

महिन्याभराने ते बिऱ्हाड घेऊन मेहुण्याकडे भुसावळला निघाले. सांगून टाकायचं असं ठरवूनच मी स्टेशनवर गेलो होतो. इंदिराबाई मुलींना घेऊन डब्यात बसल्या होत्या. पाळंदे खिडकीशी उभे होते.

"जेवून आलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आता घरी जाऊन जेवेन."

"मग निघा की. गाडी सुटायला वेळ आहे अजून."

"बरं. पोचल्यावर पत्र टाका."

"टाकतो."