नव्या भाताची पेज

हृदयात स्टेंट बसवल्यापासून मी भोरच्या घरी शहाण्यासारखी जेवते. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, उरलेल्या अर्ध्यात उसळ आणि नाचणीची भाकरी. पापड-लोणचं बंद. साखर तर शुगर निघाली तेव्हाच सुटली होती. मुलगी माझ्या ताटावर पहारा देते, त्याचंही काही वाटत नाही. पण दिवाळी सरून विंझरकडे भाताची झोडणी सुरू झाली, की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

लहानपणी नवा तांदूळ पहिल्यांदा शिजायचा तेव्हा आम्ही दोघी बहिणी चुलीपुढून हलत नसू. आई भात वेळून वरचं पाणी काढायची आणि ती दाट, वाफाळती पेज मीठ घालून वाटीत द्यायची. आई गेल्यावर हे काम विंझरच्या थोरल्या अक्काकडे आलं. नवा तांदूळ निघाला की तिच्या घरी जेवायला जायचं, हे ठरलेलं.

यंदा मुलीने तिला फोनवर बजावलं, "मावशी, आईला भात मूठभरच हं." मी मात्र एसटीतून उतरले ती एक वाटी पेज प्यायचीच, असं ठरवून.

अक्काने ताट वाढलं. मेथीची भाजी, काकडी, मटकीची उसळ आणि पार निथळून कोरडा केलेला मूठभर भात.

"समदी साखर काढून टाकलीय त्यातली," ती म्हणाली. "पेजंवाटं जाती ती. आता बिनघोर खा."

भात वेळला म्हणून साखर जात नाही, किती खाता ते बघा, असं डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मी मुकाट्याने जेवले. पेज मागायला जीभ रेटली नाही.

हात धुवायला मागच्या पडवीत गेले, तर अक्का उंबऱ्यावर बसून तांब्यातून तीच पेज पीत होती. वर मीठही घातलेलं. हिला स्वतःला शुगर, बीपीच्या गोळ्या, पाय सुजलेले.

"अगं, तुला पण शुगर आहे ना?"

"हाय की. पर नव्या भाताची पेज वतून टाकायची व्हय? आन् माजी शुगर जुनी हाय, अंगवळणी पडलीय."

मी तिच्या हातातून तांब्या घेतला. वास आला, आईच्या चुलीपुढचा, आणि माझे डोळे भरून आले.

"पी घोटभर," अक्का म्हणाली. "म्या न्हाई सांगत कुणाला."

घोटभराने मला काही झालंही नसतं. पण मी प्यायले असते, तर उरलेली तिने संपवली असती, आणि पुढच्या वर्षीही. मला पेज फार हवी होती. अक्का त्याहून हवी होती. माहेर म्हणून आता ती एकटीच उरली आहे.

मी गोठ्यात जाऊन तांब्या गाईच्या घमेल्यात रिकामा केला. अक्का मागोमाग आली. वाटलं, रागावेल. पण ती पदराने तोंड पुसत माझ्या शेजारी उभी राहिली. गाईने घमेलं चाटून पुसून लख्ख करेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.