अक्का मला ओळखत नाहीत

अक्का भाकरी थापताना मान वर करत नसत. चुलीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, आणि काठवटीत हात चाललेले. तरी दारावरून कुणी गेलं की त्या नाव सांगायच्या. "इरव्वा चालली. आज गुडघा लई दुखतोय तिचा." "ही पारूबाई. कुणाशी तरी भांडून आलीय, टाचा आपटतीय बघ." एकदा त्या म्हणाल्या, "हे पाऊल आपल्या गल्लीचं न्हाय." मी दारात जाऊन पाहिलं, तर खरंच एक अनोळखी बाई हातात चिठ्ठी घेऊन पत्ता शोधत होती.

माझ्याबद्दल म्हणायच्या, "तुझं अवघड हाय तंगी. तू चाललीस म्हंजे कुणी चाललंच न्हाय. दारावरनं कुणीतरी गेलं पर आवाज न्हाय आला, की समजायचं सुमन गेली."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अक्का अक्कलकोटच्या पलीकडच्या. त्यांचं नाव महादेवी, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. कडक भाकरीचा त्यांचा धंदा. ज्वारीची पातळ भाकरी मंद जाळावर पापडासारखी कडक करायची, थप्प्या लावायच्या आणि सात रस्ता चौकाकडच्या हॉटेलांना पोचवायच्या. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काही बायका थापायला जायचो. भाकरीला भोक पडलं तर त्या रागवत नसत. "असू दे, ही आपल्या पोटातली," म्हणून बाजूला ठेवायच्या.

मी माढ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला तोंड होतं पण आवाज नव्हता. नळाला काही दिवसांआड पाणी यायचं. मी पहाटे हंडा लावायची आणि उजाडेपर्यंत तो शेवटाला गेलेला असायचा. मी काही बोलत नसे. एक दिवस एका धिप्पाड बाईने माझा हंडा उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. "ही माझी तंगी हाय. हिचा हंडा कुणी मागं सारला तर माझा हंडा त्याच्या टकुऱ्यात." मी अक्कांना तोवर कधी पाहिलंही नव्हतं. मला परक्या गावात सख्खं माणूस मिळालं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि पुढेही कित्येक वर्षं वाटत राहिलं.

आमच्या घराचा पत्रा गळायचा. शिवाय आमचे मालक प्यायले की हाताला येईल ते विकायचे, नाहीतर चुलीत घालायचे. एकदा रेशनकार्डाचा अर्धा कागद जळाला. मी रडत शेडमध्ये गेले. अक्का म्हणाल्या, "रडतीस काय? कागद-बिगद समदं हितं आणून टाक." त्यांच्याकडे तेलाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्याला झाकण बसवून कुलूप लावलेलं. त्यात गल्लीतल्या निम्म्या बायकांची रेशनकार्डं, आधार, बँकेची पुस्तकं आणि मतदानाची कार्डं होती. मी माझीही नेऊन दिली. कुलपाची किल्ली अक्कांच्या मंगळसूत्रात असायची.

मतदानाच्या दिवशी सकाळी अक्का डबा घेऊन उंबऱ्यावर बसायच्या. मराठी अक्षरं त्या अडखळत वाचायच्या, पण कार्डं फोटोवरून वाटायच्या. "घे गं. फोटोत अशी का दिसतीस, नवऱ्यानं मारल्यागत?" "ही कोण सुंदरी? अगं बया, तूच की!" सगळ्या हसायच्या. मग इरकल नेसून त्या स्वतः शाळेतल्या मतदान केंद्रात जाऊन बसायच्या. आमच्या जुन्या नगरसेवकांच्या त्या एजंट. कुणाकडे कार्ड नसलं, फोटो पुसट असला, तर मतदान घेणारे साहेब अक्कांकडे बघायचे. अक्का म्हणायच्या, "आमच्या गल्लीतली हाय." बोटाला शाई लागायची.

मागच्या निवडणुकीच्या आधी मारुतीच्या देवळात बैठक झाली. यादीचं काम करणारे शाळेतले मास्तर आले होते. ते म्हणाले, "यंदा कडक आहे. कागदाशिवाय मत नाही. तोंडओळख चालणार नाही."

नुसता गलका झाला. एक तरुण मुलगा म्हणाला, "बरोबर आहे मास्तर. बोगस मतं पडतात. मागच्या वेळी माझ्या मेलेल्या आजोबांनी मत दिलं."

"आजोबा आलेले, व्हय?" अक्का म्हणाल्या. "मग जाताना माझ्याकडं च्या तरी प्यायचा हुता की त्यांनी."

हसण्यात त्या मुलाचं बोलणं बुडालं. अक्का उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला. "कार्ड काय बोलतंय का? भिजलं की पुसलं, जळलं की गेलं. म्हणून बाई गेली का? बाई हितंच बसलीय की. हिची हळद मी लावली, हिचं बाळंतपण मी केलं. ही कोण म्हणून इचारायचं तर मला इचारा. कार्डाला काय म्हाईत?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मास्तर शांत माणूस. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही ओळखता हो. पण उद्या तुम्हीच ओळखायचं नाही असं ठरवलंत तर ही बाई कुठे जाईल?"

"माणूस वळखायचं काय ठरवून असतंय व्हय मास्तर?"

यावर मास्तरांनाही हसू आलं.

त्या वर्षी जुन्या नगरसेवकांच्या विरोधात पद्मा उभी होती. मागच्या गल्लीतली, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी. घरी तेलुगू बोलणारी, आमच्याशी मराठीतून भांडणारी. आमच्या सार्वजनिक संडासाला दारं नव्हती. आम्ही दोघी-दोघी जायचो, एक आत आणि दुसरी लुगडं धरून बाहेर. नगरसेवक दर वेळी दारं बसवतो म्हणायचे. पद्मा महापालिकेत जाऊन बसली, रोज बसली, आणि दारं बसवून घेतली. आतून कडी लावता येते, ही गोष्ट मोठी आहे, हे पुरुषांना सांगून कळणार नाही.

मी कुणाला मत देते ते कधी कुणाला सांगत नसे. मालकांनाही नाही. एकदा दुपारी शेडमध्ये अक्का आणि मी दोघीच होतो. भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "तंगी, या बारीला कुणाला गं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. मी म्हणाले, "पद्माला."

अक्कांचा हात थांबला नाही. "पोरगी बरी हाय की," त्या म्हणाल्या. "दारं बसवली तिनं." पण त्यांच्या हातातल्या भाकरीला भोक पडलं. तोवर अक्कांच्या हातच्या भाकरीला भोक पडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती गोळा करून परत मळली. मला काही वाटलं नाही. उलट मनातलं सांगून हलकं वाटलं.

मतदानाच्या दिवशी मी आंघोळ करून उंबऱ्यापाशी गेले. अक्कांनी कार्डं वाटली. माझं आलं नाही. त्यांनी डब्यात हात घालून खालवर केलं. "तुझं सापडंना गं. आधारबी दिसंना. कुटंतरी तळाला गेलं असंल. तू ये तशीच. मी हाय की तितं. सांगते की माझी तंगी हाय म्हणून."

मी तशीच गेले. मी कशाला शंका घेऊ? शाळेच्या त्या खोलीत अक्का इरकल नेसून बाकावर बसल्या होत्या, समोर यादी. साहेबांनी नाव विचारलं. मी सांगितलं. यादीतला माझा फोटो काळा उमटला होता, नुसतं कुंकू तेवढं कळत होतं.

"कार्ड? आधार? बँकेचं पुस्तक?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग मोठ्या कष्टाने म्हणाले, "त्या ओळखतात मला."

साहेब चांगले होते. म्हणाले, "नियमात बसत नाही बाई. पण बघू." त्यांनी बाकाकडे वळून विचारलं, "ओळखता का यांना? कुणाची हरकत?"

पद्माकडे आत बसवायला माणूस नव्हता. दुसरे एक एजंट कुठून तरी लांबून आलेले, ते म्हणाले, मी नाही ओळखत. मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी मान वर केली नाही. पेन्सिलीने यादीवर काहीतरी करत राहिल्या.

"आमची हरकत हाय," अक्का म्हणाल्या. "आमी न्हाय वळखत. हितं भाड्यानं लई येतात, लई जातात."

माझ्या मागे रांग होती. साहेबांनी विचारलं, घरून काही कागद आणता येईल का? माझे सगळे कागद त्या बाकावर बसलेल्या बाईच्या गळ्यातल्या किल्लीला बांधलेले आहेत, हे मी कसं सांगणार? मला नळावरची मी आठवले. हंडा शेवटाला गेलेला आणि तोंडातून आवाज नाही. फरक एवढाच की या वेळी हंडा मागे सारणाऱ्या अक्काच होत्या. मी परत फिरले. शाळेच्या पायऱ्या उतरताना मला माझ्याच पावलांचा आवाज येत नव्हता.

संध्याकाळी मतदान संपल्यावर अक्का माझ्या घरी आल्या. एका हातात शेंगाचटणीचा पुडा, दुसऱ्यात माझं कार्ड आणि आधार. "घे तंगी. तळाला हुतं."

"अक्का, तुम्ही मला ओळखलं नाही." एवढं एकच वाक्य मी बोलू शकले.

वाटलं होतं त्या चिडतील, नाहीतर रडतील. त्यांनी पाटावर बसून पाणी मागितलं. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मतदानाच्या दिवशी कुणी कुणाला वळखत नसतंय. उद्यापासून वळखते की परत."

मी उभीच राहिले. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझी शेड सरकारी जागेवर हाय. नगरसेवक हाय म्हणून उभी हाय. उद्या पाडायला आले तर तू आडवी पडणार हायस का?"

पडले असते. खरंच पडले असते. पण ते मी बोलले नाही, आणि त्यांनीही विचारल्यावर माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे कळलं की त्या दिवशी डब्याच्या तळाला माझ्याबरोबर आणखीही काही जणींची कार्डं होती. सगळ्या पद्माच्या बाजूच्या. प्रत्येकीने भाकरी थापताना अक्कांना मनातलं सांगितलं होतं.

पद्मा पडली. बरीच मागे राहिली. माझ्या मताने ती निवडून आली नसती, हे मला कळतं. पण मी आयुष्यात कधी सभेत बोलले नाही, कधी कुणापुढे हात वर केला नाही. कुणाला न घाबरता माझं म्हणणं सांगायची माझी तेवढी एकच जागा होती.

मी थापायला जाणं सोडलं. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचं काम धरलं. जायचा रस्ता शेडवरूनच. पहिल्याच दिवशी मी दारावरून गेले, नेहमीसारखी, आवाज न करता. आतून आवाज आला, "सुमन चालली." रोज यायचा. मान वर न करता, पाठ रस्त्याकडे करून, "सुमन चालली." मी कधी ओ दिली नाही. राग यायचा आणि त्यापेक्षा जास्त रडू यायचं. शाळेत बसलेली तीच बाई, तेच कान, तेच डोळे.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. शेडवर खूण केली. अक्का नगरसेवकांच्या घरी गेल्या, तर ते पुण्याला गेले होते. फोन केला, तर उचलला नाही. ज्या दिवशी मशीन आलं त्या दिवशी अक्का काठवट छातीशी धरून रस्त्यावर उभ्या होत्या. मी कारखान्याला जात होते. थांबले. आडवी पडले नाही. नुसती उभी राहिले, शेडचा पत्रा खाली येईपर्यंत. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. आम्ही दोघी त्याच नगरसेवकापायी फसलो, मी अक्कांच्या हातून आणि अक्का त्याच्या.

अक्का लेकीकडे निघाल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचे कागद ज्याचे त्याला दिले. टेम्पोत बसायच्या आधी माझ्या दारात आल्या. "तंगी, येते गं."

"या," मी म्हणाले. आत बोलावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या तिकडेच वारल्याचं कळलं. त्या दिवशी घरी भाकऱ्या थापताना माझ्या हातून एकेक करत सगळ्यांना भोकं पडली. मी रडत होते, आणि कुणासाठी रडते आहे ते मला नीट सांगता येत नव्हतं. नळावर हंडा पुढे ठेवणाऱ्या अक्कांसाठी रडायचं, तर शाळेतल्या बाकावरच्या अक्का डोळ्यांपुढे यायच्या.

आता पुन्हा निवडणूक येते आहे. परवा इरव्वा आणि दोघी-तिघी कार्डं घेऊन माझ्याकडे आल्या. "सुमन, तू कुणाच्या अध्यात न्हाईस, मध्यात न्हाईस. अक्कांसारखी तू ठेव."

मी म्हणाले, "नको. आपलं आपण ठेवायचं. नवरा फाडतो म्हणाल तर पोटाशी बांधून झोपा. पण मला देऊ नका. कुणालाच देऊ नका."

मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. इरव्वा बघतच राहिली.

देवळातल्या बैठकीत परत तोच वाद झाला. माणूस मोठा की कागद? बरेच जण अक्कांचंच बोलणं बोलले, कार्ड काय बोलतंय का? मी मागे बसून ऐकलं. माझं कार्ड माझ्या पोलक्यात होतं. ते बोलत नाही, हे खरं आहे. मी त्याला माझं मत सांगितलं तरी ते कुणाला जाऊन सांगणार नाही.