वलांडीच्या जागेवरचं सबस्टेशन

आमच्या डोंगरी गावातल्या बंद पडलेल्या सबस्टेशनात मी शिरले ती हौस म्हणून नाही. रागाने शिरले. आदल्या दिवशी आईचे बोंबील एका टेम्पोने चिरडले होते.

आई रस्त्याच्या कडेला बोंबील सुकवते, कारण दुसरीकडे जागाच उरलेली नाही. ताज्या बोंबलांच्या जोड्या लावायच्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. त्यासाठी बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून जी मांडणी करतात ती वलांडी. आईची वलांडी डांबराला लागून आहे. मालावर धूळ बसते, धूर बसतो, आणि सुट्टीला समुद्र बघायला आलेले लोक नाक दाबून गाडीची काच वर करतात. त्या दिवशी टेम्पो मागे घेताना दोन बांबू मोडले आणि माल चाकाखाली गेला. ड्रायव्हर खाली उतरला नाही. उलट रस्ता तुमच्या बापाचा आहे का, असं हिंदीत विचारून निघून गेला.

आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी नवघरला माझ्या फ्लॅटमध्ये होते. रात्रभर तळमळले आणि रविवारी सकाळी मिळेल ती बस धरून डोंगरीला गेले.

रस्ता आमच्या बापाचा नव्हता, खरं आहे. पण सबस्टेशनची जागा होती. गावाची वलांडी तिथेच होती, खारा वारा थेट अंगावर येणारी. मी शाळेत असताना वीजवाले आले, सोबत दोन पुढारी. वीज पक्की झाली की बर्फाचा कारखाना येईल, बर्फ आला की मासळी ताजी विकली जाईल, मग बोंबील सुकवत बसतंय कोण, असं त्यांनी समजावलं. आम्हां कोळ्यांना बर्फ म्हटलं की काहीही पटतं. सुकवणं संपणार म्हणून आमच्या लोकांनी सुकवायची जागा देऊन टाकली, तीही नारळ फोडून.

सबस्टेशन झालं. उजेड गेला रिसॉर्टांना, बर्फाचा कारखाना आजतागायत आलेला नाही. पुढे वीजवाल्यांनी दुसरीकडे नवं स्टेशन बांधलं, इथले ट्रान्सफॉर्मर उचलून नेले आणि फाटकाला कुलूप घातलं. गावाने जागा परत मागितली, तर आत धोका आहे म्हणून सांगितलं. तोंडाला पानं पुसायची म्हणजे किती पुसायची!

मागच्या बाजूला कुंपणाच्या जाळीला भगदाड होतं. मी वाकून आत गेले. आई अडवेल असं वाटलं होतं, कारण फाटकावर धोक्याची कवटीवाली पाटी लागल्यापासून गावातल्या बायका त्या कुंपणाजवळूनसुद्धा जात नसत. पण ती पदर खोचून माझ्या मागोमाग आली.

आत गुडघाभर गवत, त्याखाली खडी. इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या फुटक्या चकत्या पायाखाली कुरकुरत होत्या. कंट्रोल रूमचं दार निखळलेलं, पेट्यांमधलं तांबं कुणीतरी ओरबाडून नेलेलं. कोपऱ्यात एक छोटा फ्रिज उघडा पडला होता. त्यात बर्फ जमवायचा प्लॅस्टिकचा ट्रे तसाच होता. गावात वीजवाल्यांनी आणलेला बर्फ तो एवढाच. मी तो ट्रे उचलून भिंतीवर फेकला. तो फुटलादेखील नाही, त्याचा मला आणखी संताप आला.

बाहेर येऊन बघते तर आई मैदानात मान वर करून उभी. तारा कधीच काढून नेल्या होत्या, पण त्या ज्यांवरून जायच्या त्या लोखंडी चौकटी तशाच होत्या. उंच खांब, त्यांना आडवे पट्टे, आणि मधून समुद्राचा वारा.

"ही तं वलांडीच हाय गो," आई म्हणाली.

ती हसत होती. मला हसू आलं नाही. स्वतःच्या जागेत चोरासारखं शिरून बाई हसते कशी! तरी त्याच दुपारी मी दोरी आणून दिली. हात पोचेल तेवढ्या उंचीवर आम्ही ती खांबांना बांधली, आणि त्या आठवड्यात आईने माल तिथे टांगला. धूळ नाही, कुत्री नाहीत. बोंबील छान कडक होत होते.

पुढच्या रविवारी मी तिथेच होते. गावात सकाळपासून वीज नव्हती. वीजवाल्यांचे एक साहेब वॉचमनला घेऊन आले, फाटक उघडलं आणि बोंबील बघून थबकलेच. आवाज मात्र गोड ठेवला.

"मावशी, हे सगळं काढा. आत लाईन आहे, जीव जाईल."

आईने हातातली जोडी दोरीवर टाकली आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

"लाईन हाय? मंग आमचे घरान का न्हाय?"

साहेबांनी वॉचमनला खूण केली. वॉचमनकडे कोयती होती. त्याने दोऱ्या कापल्या आणि ओळीच्या ओळी खडीत पडल्या. मी नाही नाही ते बोलले, साहेबांच्या घरादारापर्यंत गेले, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही. खडीतून एकेक बोंबील वेचून आईने टोपलीत भरला, समुद्रावर नेऊन धुतला.

त्यानंतरच्या रविवारी गेले तर फाटकाला नवं कुलूप आणि नवी पाटी. कवटी ताज्या लाल रंगात. आमच्या आळीतला दिवा बदलायला ज्यांना वर्षानुवर्षं माणूस मिळत नाही, त्यांना कवटी रंगवायला मिळाला होता. मागचं भगदाड मात्र कुणी बुजवलं नव्हतं. तिकडे फिरून बघायचे कष्ट कोण घेणार?

आई वाकून आत गेली आणि टोपलीसाठी हात बाहेर काढला. मी टोपली आत सरकवली आणि दोरी घेऊन तिच्या मागे गेले.